मसुराएवढी ग्रंथी आणि आईंची संकष्टी

कर्वेनगर, पुणे
मंगळवार

ती. सुहासताईंना,

वृंदाचा वाकून नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का, बडोद्याला थंडी पडली का, ते कळवा. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. (हे वाक्य सवयीनं लिहिलं. पुढचं वाचून झालं की खोडून टाका.) खरं तर फोनच करणार होते, पण फोन हॉलमध्ये आहे, हॉलमध्ये तुमच्या आई आहेत, आणि त्यांना ऐकू कमी येतं हा समज मी केव्हाच सोडून दिला आहे.

मुद्द्याचं आधी सांगते. पुढच्या गुरुवारी माझ्या गळ्याचं लहानसं ऑपरेशन आहे. थायरॉइडच्या मागे मसुराएवढ्या चार ग्रंथी असतात, त्यातली एक वाढून कडव्या वालाएवढी झाली आहे, ती काढायची. काळजीचं काही नाही, तुम्ही मुळीच येऊ नका. अडचण एवढीच, की त्याच गुरुवारी संकष्टी आहे, आणि आईंनी मागच्यासारखं इन्शुलिन टोचून घेऊन वर कडक उपास केला तर घरात त्यांच्यापाशी कोण.

माझं असं झालं. बरेच महिने माझी हाडं दुखत होती. चाळिशीतल्या बाईचं हाड दुखलं की निदानाला डॉक्टर लागत नाही, सोसायटी पुरते. भिशीत सगळ्याजणींनी एकमतानं ‘कॅल्शियम कमी’ असं ठरवलं आणि आईंनी मला हाती घेतलं. सकाळी नाचणीचं सत्त्व, जेवणात तिळाची चटणी, झोपताना पेलाभर दूध, वर तुमच्या भावानं, आमोदनं, आणलेल्या गोळ्या. मी खात होते तसतशी जास्त दुखत होते आणि दुखत होते म्हणून आणखी खात होते. शेवटी एका दुपारी मूतखड्यानं मला स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवं केलं. आमोद हिंजवडीत, म्हणजे परदेशात असल्यासारखाच. कंपनीची बस संध्याकाळशिवाय सुटत नाही. मीच पोट धरून रस्त्यावर गेले. रिक्षावाल्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “डिलिव्हरी आहे का? सीट परवाच बदललंय.” मूतखडा आहे म्हटल्यावर म्हणाला, “मग बसा.” (या वयात कुणाला ती शंका यावी, याचं त्या कळांमध्येही जरा बरं वाटलं.)

हॉस्पिटलात रक्त तपासलं तर कॅल्शियम कमी नव्हतंच, भरपूर जास्त होतं. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. रक्तात कॅल्शियम कमी झालं की या चार ग्रंथी एक हार्मोन सोडतात. ते हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात आणतं, मूत्रपिंडांना जपून वापरायला सांगतं. पुरेसं झालं की ग्रंथींनी थांबायचं. माझी एक थांबेना. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी रंगराव असेच आहेत. टाकी भरून पाणी जिन्यावरून वाहायला लागलं तरी यांचा पंप चालूच. म्हणजे माझ्याच हाडांतून उपसा चालला होता, आणि आम्ही वरून दुधाचे टँकर ओतत होतो.

त्या बाई असंही म्हणाल्या, की थकवा, विसराळूपणा, उगाच रडू येणं, हेही यातून होऊ शकतं. ताई, तेव्हापासून मी विचारात पडले आहे. मी समजत होते की मी वयाप्रमाणे कटकटी झाले. त्यातलं माझं किती आणि त्या वालाचं किती? आमोदशी झालेली निम्मी भांडणं मी ग्रंथीच्या नावावर टाकली. तो म्हणाला, “आणि उरलेली?” त्यावर पुन्हा भांडण झालं. ते कुणाच्या नावावर, ते अजून ठरलेलं नाही.

आता आईंचं. ‘औषध म्हणजे काही खाणं नव्हे’ या न्यायानं मागच्या संकष्टीला त्यांनी सकाळी नेहमीचं इंजेक्शन घेतलं आणि चंद्रोदयाची वाट बघत बसल्या. आपल्यासारख्यांचं बरं असतं. पोट रिकामं असलं की स्वादुपिंड इन्शुलिनचा हात आखडता घेतं आणि दुसरं एक हार्मोन यकृताला साठवलेली साखर काढायला लावतं. बाहेरून टोचलेल्याला आज चतुर्थी आहे हे कोण सांगणार? ते आलं तसं कामाला लागलं आणि रक्तात होती नव्हती ती साखर उचलत सुटलं. दुपारी आई घामानं निथळत होत्या आणि मला ‘आपण कोण?’ असं अतिशय आदरानं विचारत होत्या. (तो आदर ऐकूनच मी घाबरले.) मी साखरेचं पाणी तोंडाशी नेलं, तर तशाही अवस्थेत त्यांनी विचारलं, “चमचा आमटीचा नाही ना?” शुद्धीवर आल्यावर माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, “मोडलास ना उपास?”

तर गुरुवारची व्यवस्था अशी. आमोदनं कंप्युटरवर रंगीत तक्ता करून फ्रिजला लावला आहे: इंजेक्शन कधी, खाणं कधी. आईंनी त्यावर देवाचं कॅलेंडर टांगलं. तो स्वतः माझ्याबरोबर हॉस्पिटलात असेल. घरी खालच्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई येऊन बसतील. तेव्हा सगळं ठीक आहे. भाऊजींना नमस्कार, नातवाला पापा.

आपली,
वृंदा

ता. क. मंदाकिनीबाईंचीही संकष्टी असते, हे आत्ता कळलं. दोघी मिळून एकमेकींना धीर देतील आणि चंद्र दिसेपर्यंत पाणीही पिणार नाहीत. बुधवारी रात्री बडोद्याहून गाडी आहे असं आमोद सहज म्हणत होता. मीही सहजच लिहिते.

आणखी एक. ऑपरेशननंतर उरलेल्या तीन ग्रंथी आळसावलेल्या असतात म्हणे. त्या जाग्या होईपर्यंत मला कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्या लागतील. हे आईंना कृपया कळू देऊ नका. ‘मी म्हणतच होते’ हे वाक्य ऐकण्याइतकी ताकद माझ्यात एवढ्यात येणार नाही. आणि मी घाबरलेली नाही.

चि. सुहास, पत्र फ्रिजवर ठेवून ही भाजीला गेली आहे. गोळ्यांचं वाचलं. मी म्हणतच होते. गुरुवारी मी उपास करणार नाही. सकाळी इंजेक्शन घेऊन लगेच पोळीभाजी खाईन, तसं गणपतीला सांगून ठेवलं आहे, त्याची काही हरकत दिसली नाही. तेव्हा माझ्यासाठी येण्याचं कारण नाही. पण काल ही घासून ठेवलेली भांडी पुन्हा काढून घासत होती. मी विचारलं तर म्हणाली, डाग राहिलेत. डाग नव्हते. बुधवारच्या गाडीनं ये. — आई