शनिवारी दोघांसाठी खोली

सोमवार, ९ सप्टेंबर. संध्याकाळी सहा.

सार्मेझला पोचलो. गाडी चार मिनिटं लेट. बाकी सगळं प्लॅनप्रमाणे.

प्लॅन असा: शनिवारच्या आत या गावात दोघांना राहण्याजोगं एक देखणं बिऱ्हाड शोधायचं. खिडकीतून नदी दिसली पाहिजे. खिडक्यांना लाकडी झडपा पाहिजेत, रंग शक्यतो निळा. सकाळी ताज्या पावाचा वास आला पाहिजे, पण भट्टीची धग नको. शनिवारी जिस्लेनला जेवायला बोलवायचं, खिडकीशी उभं करायचं आणि काही न बोलता किल्ली पुढे करायची. पुढचं ती बोलेल.

सहा वर्षांपूर्वी ती उत्तरेतल्या लील शहरातलं आमचं घर सोडून इथे माहेरी आली. घटस्फोटाचे कागद झाले, हे खरं. पण कागद म्हणजे कागद. मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशावर रेघ आहे म्हणून जमीन दुभंगलेली नसते.

मेहुणी ओदेतचा मागच्या महिन्यात फोन आला होता. म्हणाली, "सप्टेंबरात जिस्लेन मोठा निर्णय घेतेय, भाऊजी. मन घट्ट करा." मी म्हटलं, माझं मन घट्टच आहे, ती परत आली तर मागचं एक अक्षर काढणार नाही. ओदेत बराच वेळ गप्प होती. भारावली असणार.

तूर्त पुलाजवळच्या हॉटेलात उतरलोय. खोलीला ९/२०. उशी बारीक, दिवा मिणमिणता. मी सगळ्यालाच वीसपैकी मार्क देतो, सवय आहे. आमच्या शाळेत म्हणायचे, वीस देवाला, एकोणीस मास्तरला, पोरांनी उरलेल्यात भागवावं.

मंगळवार, १० सप्टेंबर

सकाळी हॉटेलमालक लेआँसने बजावलं. "खोली शुक्रवारी दुपारपर्यंतच हं, मास्तर. शनिवारी या गावात झोपायला बाकडंसुद्धा मिळायचं नाही. लग्न आहे." कुणाचं, विचारलं. "तो छपरं दुरुस्त करणारा फिर्मँ आहे ना, त्याचं. पंचावन्नाव्या वर्षी बोहल्यावर चढतोय गडी." मुलगी कोण ते मी विचारलं नाही. परक्याच्या लग्नाशी मला काय करायचंय?

दिवसभरात पाहिलेल्या जागा:

बेकरीवरची. वास उत्तम, पण जमीन तव्यासारखी तापते. ८/२०.

जुन्या गिरणीतली. नदी खिडकीतून दिसते, आणि खालच्या मजल्यावर घराच्या आतही दिसते. ६/२०.

दातांच्या डॉक्टरांच्या मागची. शांत आहे म्हणाले. शेजारी कोण ओरडत होतं कुणास ठाऊक. ५/२०.

बेकरीवाली बाई म्हणाली, "शनिवारपासून? छे हो. शनिवारी सगळी वऱ्हाडाला दिलीय." गिरणीवाल्याचंही तेच. एका छपरं दुरुस्त करणाऱ्याला इतके नातेवाईक असतात कशाला?

मंगळवार, रात्रीच्या जेवणाआधी

मादाम काझेलकडे जाऊन आलो. सत्तरीच्या पुढच्या विधवाबाई, नदीकाठी घर. वरच्या मजल्याच्या झडपा निळ्या! खोली पाहण्याआधीच मनात १५ देऊन टाकले.

बाईंनी विचारलं, "दोघं म्हणजे तुम्ही आणि कोण?" मी म्हटलं, मी आणि माझी बायको. "नाव काय बाईंचं?" जिस्लेन, म्हटलं, माहेरची ब्रुग्येर, तुमच्या गावचीच. बाई खुर्चीत बसल्या. मग उठून कपाटातून घरची आलुबुखाराची दारू काढली, मला एक पेला दिला, आणि स्वतः दोन घेतले. "मास्तर," म्हणाल्या, "तिला माहीत आहे का तुम्ही आलाय ते?" मी म्हटलं, सरप्राइज आहे. "आहेच," म्हणाल्या.

खोली शनिवारसाठी नवऱ्या मुलाच्या भाच्याला दिली आहे. फिर्मँ या बाईंचा पुतण्या निघाला. हा माणूस माझ्या पाठीस लागलाय.

बुधवार, ११ सप्टेंबर. दुपार.

नगरपालिकेच्या दारातल्या फलकावर भाड्याच्या जागांच्या चिठ्ठ्या असतात, म्हणून गेलो होतो. शेजारच्या काचेआड लग्नाच्या नोटिसा. कुणाला हरकत असेल तर घ्यावी म्हणून दहा दिवस लावून ठेवतात. सहज नजर गेली.

फिर्मँ देल्बो, छप्पर कारागीर. जिस्लेन ब्रुग्येर, ग्रंथपाल.

नीट विचार केला. ब्रुग्येर आडनाव या भागात गवतासारखं उगवतं. जिस्लेन नावही त्या पिढीत घरोघरी. राहिलं ग्रंथालय. आमची जिस्लेनही इथल्या ग्रंथालयात काम करते, पण एका ग्रंथालयात दोन जिस्लेन असू नयेत असा काही कायदा नाही. मी ग्रंथालय बाहेरून बघून आलो. एकच खोली आहे. टेबलही एकच. दोघी पाळीपाळीने बसत असतील.

कॅफेत आज कॉफीचे पैसे घेतले नाहीत. वेटर म्हणाला, "असू दे, मास्तर." काल मटणाच्या दुकानातही तुकडाभर पाते, म्हणजे खिम्याची वडी, फुकट बांधून दिली. दक्षिणेकडची माणसं फार मायाळू. उत्तरेत कुणी विचारत नाही.

बुधवार, संध्याकाळ

हॉटेलात चिठ्ठी! जिस्लेनचं अक्षर. "उद्या अकरा वाजता कॅफेत ये. बोलायचंय."

तिला शनिवारपर्यंत दम निघाला नाही. नवा शर्ट घेतला. निश्चय: १) तिच्या बोलण्यात दुरुस्ती करायची नाही. २) कशालाही मार्क द्यायचे नाहीत. ३) काय हवं ते तिला विचारायचं, आपणच ऑर्डर द्यायची नाही. हे तीन पाळले की झालं.

गुरुवार, १२ सप्टेंबर

अकराला पाच कमी असताना गेलो. ती यायच्या आत दोन कॉफी सांगून टाकल्या. वेळ वाचावा म्हणून.

ती आली. केस कापलेत. छान दिसतात. तसं म्हणालो, फक्त मागून थोडे लांब चालले असते. तिने कॉफी बाजूला सारली. चार वर्षांपासून ती कॉफी पीत नाही. मला कसं माहीत असणार?

म्हणाली, "एव्हारिस्त, तू दारोदार जाऊन माझ्यासाठी खोली मागतोयस. काझेलकाकू रडत माझ्याकडे आल्या. अख्ख्या गावाला माहीत आहे. शनिवारी माझं लग्न आहे, रे."

मी म्हटलं, मी फलक वाचला होता, मला वाटलं दुसरी जिस्लेन. ती म्हणाली, "नाही. तुला तसं वाटलं नव्हतं."

मग मी सगळं सांगितलं. नदी, झडपा, किल्ली. तुला हेच हवं होतं ना, म्हटलं. ती म्हणाली, "लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तुला या गावात घेऊन आले होते. नदीकाठच्या खोल्या दाखवल्या. उन्हाळ्यापुरती एखादी घेऊ, म्हटलं. तू काय म्हणालास, आठवतंय?"

आठवत नव्हतं.

"सात. हवा दमट, बाजार लांब, वीसपैकी सात. आणि वही मिटलीस."

मी म्हटलं, आता मी मार्क वाढवायला तयार आहे. हे बोलायला नको होतं, बोलतानाच कळलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "माझ्या स्वयंपाकाला तू चौदा द्यायचास. आईच्या मयतीला मी जे चार शब्द बोलले त्याला तेरा दिलेस. गाडीत, परत येताना. सव्वीस वर्षं मी काय परीक्षेला बसले होते?"

मी समजावून सांगितलं की चौदा म्हणजे फार चांगले. पस्तीस वर्षांत मी सोळाच्या वर कुणालाही दिले नाहीत. चौदा पडले की पोरं घरी नाचत जायची.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तू कंजूष नव्हतास. तू मला खरोखरच चौदाची समजत होतास." मग म्हणाली, "फिर्मँ मार्क देत नाही. पावाच्या तुकड्याने ताट पुसून घेतो आणि अजून आहे का विचारतो."

मी म्हटलं, शुक्रवारी सकाळच्या गाडीने जातो. तिने मान हलवली. जाताना माझ्या कॉलरवरची किमतीची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. नवा शर्ट. अकरापासून तशीच लोंबत होती.

शुक्रवार, १३ सप्टेंबर. सकाळी दहा.

जाता येत नाही. रेल्वेचा संप. रविवारी रात्रीपर्यंत एकही गाडी नाही. स्टेशनात एक म्हातारा बाकावर बसला होता. म्हणाला, "आमच्या देशात जन्माची वेळ चुकेल, संपाची नाही." मला हसू आलं नाही. हॉटेलची खोली बाराला सोडायची आहे.

शुक्रवार, दुपारी चार

लेआँसने फोन माझ्या हातात दिला. जिस्लेन. म्हणाली, "संपामुळे फिर्मँचा भाचा येऊ शकत नाही. काझेलकाकूंची वरची खोली रिकामी आहे. तिथे जा. वाद घालू नकोस." मी घातला नाही.

मादाम काझेलनी पलंगावर इस्त्रीच्या चादरी घातल्या आहेत. खिडकी उघडली की खाली नदी. झडपा निळ्या, जुन्या, कडा झिजलेल्या. सकाळी पावाचा वास येईल, बेकरी दोन गल्ल्या पलीकडे. टेबलावर खोलगट बशीत पेअर ठेवलेत, पिकलेले, अंगणातल्या झाडाचे. मी जी जागा शोधत होतो ती हीच. एकही चूक सापडत नाही. दोन तास शोधतोय.

दोघांचा पलंग आहे. मी एका कडेला बसून खूप रडलो. चौसष्टाव्या वर्षी माणसाला इतकं रडता येतं हे माहीत नव्हतं. तिला ही खिडकी एकतीस वर्षांपूर्वी हवी होती. तेव्हा ती खिडकी होती, ती होती, मीही होतो, आणि मी वही मिटली.

शनिवार, १४ सप्टेंबर. सकाळी आठ.

निश्चय: दिवसभर खोलीत. झडपा बंद. वाचन.

शनिवार, साडेदहा

मादाम काझेल जांभळी टोपी घालून वर आल्या. "कोट आहे का?" आहे, म्हटलं. "मग घाला. नगरपालिकेतल्या लग्नाच्या हॉलचं दार कायद्याने उघडं ठेवावं लागतं, कुणीही येऊन बसू शकतं. एकटं घरात बसून काय भिंती मोजणार?" मी म्हटलं, मला बोलावणं नाही. "मला आहे," म्हणाल्या, "आणि माझा गुडघा दुखतोय. हात द्या."

जातोय. फक्त दारापर्यंत. गुडघ्यासाठी.

शनिवार, संध्याकाळ

दारापर्यंत गेलो होतो. मादाम काझेलनी हात सोडला नाही, म्हणून शेवटच्या रांगेत बसलो. दार उघडंच होतं. बाहेर उन्हात कुत्रं झोपलं होतं.

महापौरबाई तिरंगी पट्टा बांधून उभ्या राहिल्या आणि वाचायला लागल्या. फिर्मँ देल्बो, जन्म अमुक, आईबाप अमुक. तो पाठमोरा दिसत होता, मान उन्हाने रापलेली, कोट खांद्यांवर ताणलेला. मग जिस्लेन मारी ब्रुग्येर, जन्म सार्मेझ. पुढे कायद्याने जे वाचावं लागतं ते: घटस्फोटित, पूर्वीचे पती एव्हारिस्त पोंशार.

पस्तीस वर्षं मी वर्गात नावं पुकारली. त्याआधी वीस वर्षं माझं नाव कुणीतरी पुकारायचं. काय झालं कळलं नाही, मी उठून उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "हजर."

सगळा हॉल मागे वळला. कुणी हसलं नाही. मादाम काझेल माझ्या कोटाची बाही धरून होत्या. फिर्मँने वळून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जिस्लेन वळली नाही. तिची मान तेवढी खाली गेली आणि खांदे हलले. फिर्मँने तिच्या पाठीवर हात ठेवला.

महापौरबाईंनी हातातला कागद खाली घेतला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हो, मास्तर. बसा आता."

मी बसलो.