चिंचेच्या कोळातला रुपया

तीर्थस्वरूप पुंडलिकमामाजींच्या पायांवर डोकं ठेवून रुपेश कळवतो की, रविवारी दुपारी नत्थूजींच्या मोरीत एक काळा रुपया पांढरा झाला आणि त्याच क्षणी माझी जिंदगी काळी झाली.

मामींचा गुडघा बरा असेल. समुद्रपूरला कापूस वेचणीला आला असेल (मला बोलवू नका). फोन करत नाही, काऊन की तुम्ही मधातच हसता.

नत्थूजी म्हणजे जागृतीचे बाबा, एसटीतले रिटायर कंडक्टर, पिपरी मेघेला राहतात आणि जुनी नाणी जमवतात. जागृती कोण, ते विचारू नका (विचारलंच तर, जिच्याकडे पाहताना सरांनी हटकलं म्हणून मी सरांशी भांडून सेकंड इयरला कॉलेज सोडलं, ती). तिनं सांगितलं, बाबांसमोर बसायचं तर नाण्यांवर बोलता आलं पाहिजे. त्याच संध्याकाळी मी फुटपाथवरच्या प्रेमदासकडून नाणी जमवणाऱ्या सगळ्यांकडे असतं ते पुस्तक आणलं. छपाई नकली होती, मुखपृष्ठावरच्या राजाला कावीळ झालेली दिसत होती. पण ज्ञान कुठं नकली असतं, असं वाटलं. पाठ केलं.

रविवारी नत्थूजींनी डबा उघडला. मी टाकसाळींच्या खुणा अशा धडाधड सांगितल्या की ते खुश होऊन स्वतः समोसे आणायला गेले. मामाजी, मी इथं थांबायला पाहिजे होतं. पण बासष्टाव्या पानाच्या तळाशी होतं, 'जुना चांदीचा रुपया चिंचेच्या कोळात घालून', आणि समोरच्या पानावर, 'मऊ कापडाने पुसून डबीत ठेवावा.' (समोरचं पान एकोणऐंशीवं होतं, पण जोशात आकडे कोण पाहतो?) लक्ष्मीपूजनाला मामीही रुपया असाच घासतात, मग शंका काऊन यावी? जागृतीच्या आईला चिंच मागितली आणि डब्यातला सगळ्यात काळा रुपया घेऊन मोरीत बसलो घासत.

नत्थूजी आले, रुपया पाहिला, समोसे खाली ठेवले. मी पुस्तक पुढं केलं. त्यांनी आतून आपली अस्सल प्रत आणली. तिच्यात वाक्य असं होतं: 'चिंचेच्या कोळात घालून घासणारे लोक नाण्याचे वैरी होत.' जुन्या चांदीवरचा काळसर रंग हेच तिचं वैभव, वगैरे, सोळा पानं. माझ्या प्रतीत तीच सोळा गायब.

ते ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. ते हळूच म्हणाले, "पुस्तक बी तसंच अन् पोरगं बी तसंच. मधातली पानंच नाईत."

"मंग भरून आणाले सांगा न त्याले, बाबा," जागृती दारातून म्हणाली.

मी तडक प्रेमदासची कॉलर धरायला गेलो. त्यानं शांतपणे दुसरी प्रत काढून दिली. तिच्यात तीच सोळा पानं दोनदा. "घ्या भाऊ, आता तर तुमाले जास्तच भेटलं."

तर मामाजी, निर्णय पक्का. त्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. मला कुणाची गरज नाही.

तुमचा,
रुपेश

ता. क. सोमवारी वर्ध्याला येजा. कॉलेजात परत नाव घालायला घरचं मोठं माणूस लागतं, बाबा माझ्याशी बोलत नाहीत, आणि तेच सर आता प्राचार्य झालेत. माफी मी मागतो, तुम्ही फक्त आमच्या दोघांच्या मधात बसजा.

ता. क. २. आत्ताच जागृतीचा फोन आला. नत्थूजींनी आपल्या प्रतीतल्या सोळा पानांची झेरॉक्स काढून ठेवली आहे. म्हणतात, चिकटवाले त्यालेच येऊ दे. माझ्याकडे ती पानं आता दोन-दोनदा आहेत, हे मी त्यांना मुळीच सांगणार नाही. पायरीबद्दल वर लिहिलं ते खोडायला वेळ नाही, उंबरठ्यात उभा राहून लिहितो आहे. पेन खिशात, दार बंद, निघालो.