एक नातू, दोन रोक्को

तीर्थरूप जेरार्दोकाका यांस,

तुमच्या दोन्ही हातांचे मुके घेऊन पुतण्या कानियोचा नमस्कार. काकूंच्या गुडघ्यांचं आणि तूरिनच्या थंडीचं आता तरी पटतं का? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. बाबा जेवत नाहीत, आई भट्टीपाशी बसून रडते, आणि मी जिवंत आहे, तोही नाइलाजाने.

काका, या सगळ्याच्या मुळाशी संत रोक्को आहे. देवमाणसाला दोष देऊ नये, पण त्याच्या नावाचा आपल्या गावात नुसता सुकाळ आहे. चौकात उभं राहून कुणी 'रोक्को' म्हणून हाक मारली की निम्मे पुरुष वळून बघतात, आणि संताच्या मूर्तीशेजारी कुत्रं असतं म्हणून की काय, गावची कुत्रीही कान टवकारतात. नेपल्सला मात्र हे नाव ऐकून हसतात. बाबांचं नाव सांगितल्यावर वर्गातला एकजण म्हणाला, रोक्को हे काय माणसाचं नाव आहे, ते तर शेळ्या वळणाऱ्यांचं! मी त्याच्या डोक्यात दिवाणी कायद्याचं पुस्तक घातलं. (जाड आवृत्ती होती. कायद्याच्या शिक्षणाचा मला झालेला उपयोग तेवढाच.) माझं कॉलेज सुटलं ते असं. ज्या नावासाठी मी वकिली घालवली, त्याच नावाने आता माझी सेराफिना घालवली.

सेराफिना म्हणजे रोक्को लोहाराची धाकटी. तुम्ही गाव सोडलंत तेव्हा ती परकराला नाक पुसत असे. आता मात्र पाण्याची घागर डोक्यावर घेऊन निघाली की माझा श्वास अडकतो. तिच्या बापाला मुली पाच आणि मुलगा एकही नाही. चौघींची लग्नं झाली, चौघींना एकेक मुलगा झाला, आणि रीतीप्रमाणे चौघेही आपापल्या बापाच्या बापाचं नाव घेऊन बसले. दुसरा नातू आईच्या बापाचा, म्हणून लोहार वाट बघत राहिला. तर पुढे सगळ्या मुलीच! आता उरली सेराफिना. आणि तिने निवडला तो मी, रोक्को पाववाल्याचा मुलगा. पहिला मुलगा बाबांच्या नावाचा, म्हणजे रोक्कोच; दुसरा लोहाराच्या नावाचा, म्हणजे तोही रोक्कोच. आणि एका घरात दोन सख्खे भाऊ रोक्को कसे चालणार?

हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यातच नव्हतं. बाबा स्वतः मागणी घालायला लोहाराकडे गेले, बरोबर गरम पाव नेला. वाईन झाली, चीज झालं, आणि नातवाचं नाव रोक्को यावर दोन्ही म्हातारे गळ्यात गळा घालून रडले. तिथे गप्प बसावं की नाही? पण मी आनंदाच्या भरात बोलून गेलो, "बरं झालं, एका पोरात दोघांचंही भागलं!"

लोहाराने पेला खाली ठेवला. "दोघांचं? पोरगा नक्की कुणाचा रोक्को?"

"कुणाचा म्हणजे? मुलाच्या बापाचा. रीतच आहे," बाबा म्हणाले.

"आणि मी कोण? पावावर फुकट मिळालेला चुरा?"

"तुझं नाव गाढवाच्या नालांवर उमटव की!"

"तुझ्या पावापेक्षा माझे नाल मऊ असतात, पाववाल्या!"

काका, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी टेबलावर मूठ आपटली आणि ओरडलो, की मग दुसरंच नाव ठेवतो, आल्फ्रेदो ठेवतो! क्षणात ते दोघे एक झाले. लोहार म्हणाला, बापाचं नाव टाकणाऱ्याला मी मुलगी देत नाही. बाबा काही ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "नेपल्सला माझ्या नावासाठी भांडलास म्हणून मी सगळ्या गावाला सांगत होतो रे." तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. लोहाराने सेराफिनाच्या खिडकीला गज ठोकले (त्याच्या घरी गजांना काय तोटा?), आणि माझ्या जगण्यात काही राम उरलेला नाही.

थोरांस नमस्कार, धाकट्यांस पापे.

तुमचा हतभागी,
कानियो

ता. क. तुमच्या स्वयंपाकघरात दोघांना निजता येईल का? रविवारच्या गाडीने मी आणि सेराफिना पळून येत आहोत. पळून गेलं की मोठ्यांना लग्न लावून द्यावंच लागतं, हे तुम्हाला मी काय सांगावं! (काकूंना तुम्ही कसं आणलंत, ते गाव अजून विसरलेलं नाही.) आणि या उपकारापोटी पहिल्या मुलाचं नाव जेरार्दो ठेवू. शब्द दिला.

पुन्हा ता. क. पत्र टाकायला निघालो तर पाणवठ्यावर सेराफिना भेटली. आईला बरोबर घेऊन पाण्याला यायची तिला मुभा आहे, आणि आई पाठ करून उभी राहते. तिने पत्र वाचलं आणि तुमच्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "हे खोड. बापाला न सांगता सोडून येतेय, निदान त्याचं नाव तरी बरोबर घेऊ दे. रोक्कोच ठेवायचं." काका, माझेही डोळे भरून आले, बाबांचा खाली गेलेला चेहरा आठवला. म्हणून तुमचं नाव रद्द समजावं, राग नसावा.

शेवटचं. त्याच भरात मी तिला विचारलं, की रोक्को, पण नक्की कुणाचा?

तूर्त एकाच्याच अंथरुणाची सोय करावी.