बाबांच्या डफाचं कातडं

जैसलमेर, ८ जानेवारी २०२५

ती. बाबांस स्वप्निलचा सा. न. वि. वि.

परवा फोनवर सगळं ठीक आहे म्हणलो, ते खोटं होतं. तोंडाने खोटं बोलता येते, लिहाले बसलं का हात अडते. म्हणून पत्र. बाबा, तुम्ही देल्ल्या डफाचं कातडं फाटलं.

इथी पाण्याचा पत्ता नाई, नुसती रेती. तरी कार्यक्रमाआधी सवयीने शेकोटी केलो न डफ धरलो, आपल्या गावच्या दंडारीच्या खेळात धरतो तसा. दोन थापांतच मधातून चर्रकन गेला. आमच्या नाच-गाण्याच्या पार्टीचे मालक वामनराव म्हणाले का, एक फेब्रुवारीले कोचीत डफ वाजला नाई तं दुसरा गडी घेतो, तू वैनगंगेत जाळं टाकाले जाय.

सातवीत भूगोलात नापास झालो न शाळा सुटली. नकाशावर सगळे मुलूख सारखेच सपाट दिसत, मले काही समजे नाई. आता डफावरून समजते. नागपूरले तो बोलते, कोकणात कण्हते, इथी किंचाळत होता. मीच ऐकलो नाई.

माफी असावी. कोचीचा पत्ता मागच्या बाजूले लिहिलो.
तुमचा, स्वप्निल


मार्कंडा, १७ जानेवारी

चि. स्वप्निलले बाबाचे आशीर्वाद. (बाबा बोलून राह्यले, मी दामिनी जसंच्या तसं लिहून राह्यली.)

गधड्या, आग ओल्या हवेले देतेत. आपल्या इथी नदी डफात शिरते, म्हणून शेकतो. त्या तहानलेल्या मुलखात ओला फडका पाह्यजे होता. पण चूक तुही नाई, माही होय. मी भामरागडच्या पुढे कधी डफ नेलो नाई, तं तुले पुढचं शिकवू कसं?

कोचीच्या पत्त्यावर कातडं पाठवतो. भिजव, कड्यावर ताण, सावलीत वाळव. वामनरावले सांगजो, इथी जाळं टाकाले माणसं पुष्कळ आहेत.

खुशाली कळवत जा.
बाबा

ता. क. दादा, हे कातडं बाबाच्या दुसऱ्या डफाचं आहे, महाशिवरात्रीच्या यात्रेत वाजवाचा होता तो. तुले सांगू नको म्हणाले. लिहिलं तरी त्यायले कुठी वाचता येते! – दामिनी


कोची, २ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि. दामिनी, मोठ्याने वाच.

काल डफ वाजला. इथी समुद्राची हवा, कातडं आपल्यासारखंच ढिलं पडते. शेकोटी पेटवताच घरी आल्यावानी वाटलं. वामनरावनं पुढच्या दौऱ्याचं तिकीट हातात देल्लं.

मले वाटे, मी घरून लय दूर पळालो. पण ज्या गावात उतरलो, तिथची हवा तुमच्याच डफावर मोजलो. तुम्ही भामरागडच्या पुढे गेले नाई, असं पुन्हा म्हणू नका.

दामिनीवर रागावू नका, तिनं सांगतलं ते बरं झालं. यात्रेत तुमच्या हातात रिकामं कडं मले पाहवणार नाई. वामनरावले चार दिवस मागितलो. सव्वीस तारखेले, महाशिवरात्रीच्या सकाळी डफ घेऊन मार्कंड्यात उतरतो. वाजवाल तुम्ही. मी शेकोटी सांभाळतो.

तुमची माया आहे तशीच ओली राहो.
तुमचा, स्वप्निल