बापूचा सहाचा पेपर

१० नोव्हेंबर, सोमवार
जमलं एकदाचं. सकाळी सहाला कॉम्प्युटरवरचा क्रॉन, वेळ पाळणारा प्रोग्रॅम, आपोआप उठला, कर्लनं पेपरच्या साइटवरून बातम्या ओढल्या, सेडनं कचरा निवडला, ई-स्पीकनं वाचून फाइल केली, आणि ती गल्लीपलीकडे माझ्या दोस्ताच्या, बापूच्या खाटेशेजारी ठेवलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर जाऊन वाजली. मी आपला चहात आलं किसत होतो. एका पाइपातून दुसऱ्यात, थेंब सांडला नाही. सौ. म्हणाली, घरातला नळ कधी असा दुरुस्त केला नाहीत.

नजर गेल्यापासून बापू घराबाहेर पडलेला नाही. एरवी पोह्याच्या दुकानासमोर बसून सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचा, वर स्वतःचं तिखट-मीठ. आता दुसऱ्यानं वाचलेलं खपत नाही, उपकार वाटतात. मशीनचं चालेल म्हणाला. माझा लोभ एवढाच, की आधी कान उघडोत, मग दार.

१३ नोव्हें., गुरुवार
तक्रारी सुरू. म्हणजे ऐकतोय. मशीन क्रिकेटसुद्धा पाढे म्हटल्यासारखं सांगतं म्हणे. वेग कमी केला. शिवाय प्रत्येक बातमीनंतर "और पढ़ें". वैशाली, त्याची सून, हसत सांगत होती, बाबा मशीनला उलट विचारतात, "किती पढूं रे बाबा?"

असला फापटपसारा सगळा आखूड ओळींत असतो. ऑकला, म्हणजे ओळी चाळणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगून टाकलं, आखूड ओळ दिसली की फेक. फाइल कशी तांदळासारखी स्वच्छ. खुशीत मीही कागदी पेपर बंद केला.

१९ नोव्हें., बुधवार
वाईट झालं. मिलमधले दुबेजी गेले. बापूच्या शेजारच्या मशीनवर सारा जन्म उभा राहिलेला माणूस. उठावना, तिसऱ्या दिवसाची शोकबैठक, परवाच होऊन गेला. त्यांचा मुलगा भाजी बाजारात भेटला, म्हणाला, "काकाजी, बापूजी नहीं आए."

बापूला सांगायला गेलो. म्हणाला, "नाना, तुझ्या मशीननं अमेरिकेचं सांगितलं, पेट्रोलचं सांगितलं. माझा माणूस गेला ते नाही सांगितलं." लॅपटॉप वैशालीकडून बंद करवला.

२० नोव्हें.
एकेक पाइप सुटा करून पाहिला. कर्लपर्यंत दुबेजी होते. सेडनंतरही होते. ऑकनंतर नाहीत. उठावन्याची सूचना म्हणजे एका ओळीत नाव, एकीत वेळ, एकीत जागा. सगळ्या आखूड. जाहिरातींबरोबर मीच माणसं फेकत होतो. इंदुरात आमच्या वयाचा माणूस पेपर उघडतो तोच त्या पानावर, हे मला ऑकला सांगायचं सुचलं नाही. सुचायला हवं होतं.

२१ नोव्हें., शुक्रवार
दुरुस्ती. आता चाळणीच्या आधी ग्रेप, नेमका शब्द हुडकणारा. "उठावना" दिसलं की त्याच्याखालच्या ओळींसकट उचलायचं आणि फाइलच्या डोक्यावर ठेवायचं. अमेरिका नंतर. वैशालीला म्हटलं, फक्त चालू कर, काही बोलू नकोस. वाजलं. बापू बंद करा म्हणाला नाही, एवढंच कळलं.

२४ नोव्हें., सोमवार
साडेसहाला बापूचा फोन. "भिया, मिलवाले चौहानजी गेले. उठावना चार बजे, सुदामा नगरातच. गाडी काढ."

पांढरा कुर्ता घालून दारात उभा होता. स्कूटरवर माझा खांदा घट्ट धरला. तिथे प्रत्येकाला आवाजावरून ओळखलं, एकदाही चुकला नाही. दुबेजींचा मुलगाही आला होता. त्याचा हात हातात घेऊन बसला, शेवटपर्यंत सोडला नाही.

परतताना पोह्याच्या दुकानाशी, "थांब जरा." जास्तीची शेव मागितली आणि सकाळच्या बातम्या सगळ्यांना सुनावल्या, थेट मशीनच्या सुरात. दुकानदाराला ठसका लागला. मला बापूवर नाही, ग्रेपवर प्रेम आलं. दोघांवरही, खरं तर.

२५ नोव्हें., मंगळवार
आजच्या उठावन्यांत ओळखीचं कुणी नाही. देवाची कृपा. पण बापू परत खाटेवर. "कुणी गेलं का?" म्हणून फोनवर विचारलं, आणि नाही म्हटल्यावर जरा हिरमुसल्यासारखा वाटला. आता याला बाहेर काढायला रोज एक माणूस कुठून मारू?

संध्याकाळी ग्रेपमध्ये आणखी एक शब्द घातला, भंडारा, देवळातलं गावजेवण. खजरान्याच्या गणपतीकडे कुठे ना कुठे असतोच. त्याला न्यायला कारण लागतं, ते पोटाचंही चालावं. येईल की "मी काय जेवायला हपापलोय का" म्हणेल, त्याचा नेम नाही. स्कूटर मात्र पुसून ठेवली आहे. मागची सीट जरा जास्तच.