निळा शर्ट, कॉलरच्या आत नाव

मी, बकुळा भिवा गमरे, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार बीडीडी चाळीच्या जागेवरची नवी इमारत, वरळी, मुंबई, आज शुक्रवारी सकाळी अकरा वाजता काळाचौकीच्या माझ्या दुकानात बसून, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करते. मला कोणी धाक घातलेला नाही. गोड बोलूनही कोणी काही काढून घेतलेले नाही. तसा प्रयत्न करणारे दोघे होते, ते माझ्या आधी गेले.

मी तोंडाने सांगते आहे आणि माझा मुलगा धम्मपाल लॅपटॉपवर टाइप करतो आहे. मी सांगेन ते सगळे टाइप करायचे, मधले काही गाळायचे नाही, अशी अट घालूनच त्याला बसवले आहे. वकीलबाई म्हणाल्या होत्या की वारसाच्या हातून लिहून घेऊ नका, उद्या कोणी शंका घेईल. पुढची कलमे वाचल्यावर कोणाला शंका येणार नाही.

कलम १. माझे वारस दोन. मुलगी माया, वय चव्वेचाळीस, धंदा शिवणकाम. मुलगा धम्मपाल, वय सत्तेचाळीस, धंदा... इथे मी काही सांगितले नाही, दम घ्यायला थांबले होते. त्याने आपणहून "नोकरी" असे टाइप केले. असू दे. त्यावर मी शेवटी बोलणार आहे.

कलम २. वरळीचे घर. हे घर मी माझी सून विशाखा हिला देते. मुलाला नाही, सुनेला. लेखनिकाने माझ्याकडे बघितले आहे, पण बोटे चालू आहेत. कारण सांगते. संपानंतर गिरणी काही पुन्हा सुरू झाली नाही. माझे यजमान भिवा तिथे रिंग खात्यात, सूत कातायच्या कामावर होते. त्या दिवसांत आमची चाळीतली खोली विकून गावी जायचे, असे त्यांनी दोनदा ठरवले. दोन्ही वेळा मी चावी ब्लाउजमध्ये घालून भावाकडे जाऊन बसले. ती खोली राहिली म्हणून आज तिच्या जागी लिफ्टवाले घर मिळाले. काम गेले की पुरुषाचा हात आधी घराकडे जातो, हे मी एका घरात नाही, सबंध चाळीत पाहिले. म्हणून घर बाईच्या नावावर असावे. विशाखा माझ्याशी कमी बोलते, पण चावी नीट ठेवते.

कलम ३. ठेवीचे पैसे नातू राजरत्न याच्या शिक्षणासाठी. तो सध्या मोटारसायकलवरून लोकांची जेवणे पोचवतो. कंपनीचा टी-शर्ट त्याने स्वतःच्या पैशाने घेतला. गणवेश मालकाने द्यायचा असतो, एवढे तरी या घरात जन्मलेल्या मुलाला कळायला हवे होते. पैसे फीसाठी आहेत, गाडीच्या हप्त्यासाठी नाहीत.

कलम ४. माझी पायाची मशीन कमळाबाईला. ती माझ्याकडे काज-बटण करते आणि त्या मशीनला माझ्यापेक्षा जास्त तेल तिनेच घातले आहे. तिला नको असेल तर तिने विकावी, पण मला न सांगता, म्हणजे मी गेल्यावर.

कलम ५. दुकान. "गमरे युनिफॉर्म्स" हा गाळा माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो, त्यातल्या मशिनी, कापड आणि नाव हे सगळे मी माया हिला देते. सबंध मालकी तिची. ती दहावीपासून कटिंगच्या टेबलाशी उभी आहे.

आता हे दुकान काय आहे, तेही नोंदवून ठेवते, कारण पुढे कोणी टी-शर्ट छापायचे दुकान करायला निघाला तर त्याला कळावे. आम्ही गणवेश शिवतो. सुरुवातीला गिरण्यांच्या पहारेकऱ्यांचे खाकी शिवले. मग परळच्या इस्पितळांतल्या वॉर्डबॉयचे पांढरे, बँकांच्या शिपायांचे. गिरण्यांच्या जागी मॉल आले तेव्हा झाडणाऱ्या बायकांचे आणि दारावरच्या गार्डांचे आले. या मुंबईत कोणाला काम लागले, कोणाचे गेले, हे आम्हाला कापडाच्या रंगावरून आधी कळायचे.

चाकणकडच्या एका कारखान्याचे कपडे आम्ही बरीच वर्षे शिवतो. कायम कामगाराला निळा शर्ट, कंत्राटी माणसाला राखाडी, शिकाऊ पोराला पिवळा. पहिल्यांदा निळ्याचे तागेच्या तागे उतरायचे आणि राखाडीचा एखादा. आता उलटे झाले आहे, आणि पिवळ्याने तर माळा भरला आहे. माया म्हणते, "आई, पिवळ्याचा राखाडी होतो, राखाडीचा निळा काही होत नाही बघ." ती असे बोलते आणि कात्री चालवत राहते.

रघुवीरराव कारखानीस दादरहून आठवड्यातून एकदा चहाला येतात. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, पण पेपरातली आकडेवारी वाचून दाखवायची सवय गेली नाही. परवा म्हणाले, "बकुळाबाई, राज्यात रोजगार वाढलाय बरं का. कारखाने वाढले, पगारही वाढलेत म्हणतात."

मी म्हटले, "वाढला असेल. मला शर्ट जास्त शिवायला लागतात, हे खरं आहे."

"मग? तेच तर."

"पण अहो, पूर्वी एक माणूस सहा शर्ट फाडायचा. आता एक शर्ट सहा माणसं फाडतात."

त्यांनी पेपर घडी करून ठेवला. पुन्हा चहा मागितला.

कलम ६. दुकानाच्या दोन रीती मायाने मोडू नयेत. पहिली, आमच्याकडे सगळे महिन्याच्या पगारावर आहेत. शर्टामागे पैसे देणे बाजूच्या सगळ्या दुकानांत सुरू झाले, आपल्याकडे नाही. ज्या महिन्यात ऑर्डर नसते त्या महिन्यातही माणसाला भूक लागते. दुसरी, आपल्या दुकानातल्या प्रत्येकाला वर्षाला दोन निळे शर्ट, बायका साडीवरून घालतात, आणि कॉलरच्या आत हाताने घातलेले नाव. झाडू मारणाऱ्यापासून मायापर्यंत सगळ्यांना निळाच. धंदा विचारला की सगळ्यांनी शिवणकाम सांगायचे.

नाव घालायची ही रीत भिवांची. ते म्हणायचे, धोब्याकडे शंभर खाकी गेले तरी आपला आपल्याला सापडला पाहिजे. मग आम्ही गिऱ्हाइकांच्या गणवेशांतही नाव घालू लागलो. पुष्कळ वर्षे त्याचे कौतुक झाले.

कलम ७. माळ्यावरचे शर्ट, आणि दौलत काटकर. हा दौलत गार्ड पुरवणाऱ्या कंपन्यांच्या ऑर्डरी आणतो. एकदा त्याने एका कंपनीची मोठी ऑर्डर दिली. मापांच्या यादीत नावे होती, म्हणून आम्ही रीतीप्रमाणे प्रत्येक कॉलरमध्ये नाव घातले. आठवडाभर सगळ्या बायका नावेच घालत होत्या. शर्ट तयार होईपर्यंत त्यातली अर्धी माणसे काम सोडून गेली होती किंवा काढली गेली होती. दौलत दारात उभा राहून ओरडला, "अहो बाई, नाव टाकायला कोणी सांगितलं? मला साइज पाहिजे, नाव नको! माणूस गेला की शर्ट दुसऱ्याला जातो."

"आणि माणूस कुठे जातो?" मी विचारले.

तो हसला आणि गठ्ठा तिथेच टाकून गेला. बायकांचा पगार मी दिला, पण ती दिवाळी आमची साधीच झाली.

बरेचसे शर्ट नावे उसवून विकले. उसवताना कमळाबाई प्रत्येक नाव मोठ्याने वाचायची, ते मला ऐकवेना. राहिलेले मी माळ्यावर ठेवले. आजवर दोघेजण आपल्या नावाचा शर्ट न्यायला आले. कोणी सांगितले त्यांना, कोणास ठाऊक. माया जागेसाठी कुरकुर करते. पण माझी इच्छा अशी की ज्या नावाचा माणूस येईल त्याला त्याचा शर्ट द्यावा, विचारपूस न करता. दौलतला मी माफ केलेले नाही. त्याला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. भेटायला आला तर चहा द्यावा. बिनसाखरेचा, त्याला मधुमेह आहे.

कलम ८. माझ्यामागे विधी बौद्ध पद्धतीने, साधा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी दुकान बंद ठेवायचे झाले तर कोणाचा पगार कापू नये.

कलम ९. मुलगा धम्मपाल.

आतापर्यंत याला काही मिळालेले नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आले असेल. टाइप करणाऱ्याच्याही आले आहे.

भिवांची एक गोष्ट मी मुलांना कधी सांगितली नाही. गिरणी बंद पडल्यावरही ते कित्येक महिने पाळीच्या वेळेला डबा घेऊन घरातून निघायचे. मैदानात झाडाखाली बसायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला परत यायचे. मला शेजारणीने सांगितले होते. मी डबा भरून देत राहिले. आमच्या चाळीत त्या वर्षी किती बायका असा डबा भरत होत्या, कोण जाणे. मरेपर्यंत कुठल्याही कागदावर धंदा विचारला की ते "गिरणी कामगार" लिहायचे. गिरणीच्या जागी काचेची इमारत उभी राहिली तरी तेच. कोणी त्यांना अडवले नाही. मीही नाही.

धम्मपाल लोअर परळच्या ज्या कंपनीत आहे, ती कारखान्यांना माणसे पुरवते. त्या माणसांच्या याद्या तोच पाठवायचा. शिकलेला, मान असलेला, पण तोही तिथे दर वर्षी नव्या कागदावर सही करून राहत होता. त्याच्या शर्टाची उजवी कफ टेबलावर घासून नेहमी झिजायची. मीच उलटवून द्यायची. दिवाळीपासून ती झिजलेली नाही. रोज सकाळी तो बॅग लावून निघतो. आणि आज शुक्रवारी, अकरा वाजता, "सुट्टी घेतलीय गं" म्हणून आईचे मृत्युपत्र टाइप करायला त्याला वेळ आहे.

धम्मपाल, तुझी नोकरी गेली आहे, हे मला माहीत आहे.

इथे टाइप करणे थांबले. मग तो म्हणाला, "आई, हे काढून टाकतो."

"काढायचं नाही. अट काय ठरली आपली?"

"विशाखाला माहीत नाहीये गं."

"मग आज संध्याकाळी सांग. घर तिच्या नावावर केलंय मी, ती घाबरणार नाही."

तो रडला. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, समोर उघडा लॅपटॉप. कमळाबाई उठून बाहेर गेली. मलाही रडू आले, ते मी लपवत नाही. भिवांच्या वेळी आले होते ते मी चुलीशी संपवले होते. आता चूलही नाही आणि मला पुन्हा डबा भरायचाही नाही.

म्हणून, येत्या सोमवारपासून धम्मपाल याची या दुकानात नेमणूक करीत आहे. पगार महिन्याचा, मायाच्या कारागिरांइतकाच. काम मापे घेण्याचे. कारखान्यांत जायचे, माणसाला उभे करायचे, खांद्याला टेप लावायची, नाव विचारायचे. इतकी वर्षे याद्या पाठवल्या, आता माणसे बघ.

त्याने विचारले, "माया काय म्हणेल?"

मायाला मी आधीच विचारले आहे. ती म्हणाली, "दादा वेळेवर येणार असेल तर येऊ दे." लेखनिक आत्ता हसला, हेही टाइप करावे.

मग म्हणाला, "पण आई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. त्यात नेमणूक कशी करता येईल?"

"म्हणजे मी जाईपर्यंत तू थांबणार आहेस का?"

रघुवीरराव आता आले आहेत, साक्षीसाठी. तेही म्हणतात की हे कलम मृत्युपत्रात बसत नाही. न बसू दे. बाकीची कलमे माझ्यामागे लागू व्हावीत, हे एक सोमवारी.

त्याचे दोन शर्ट संक्रांतीपासून माझ्या खणात आहेत. माप घ्यावे लागले नाही. निळे आहेत. नाव मी घातले आहे, डोळे दुखले म्हणून "ल" जरा वाकडा आला.

वरील सर्व मजकूर रघुवीररावांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. साक्षीदारांच्या समोर मी सही करते, आणि साक्षीदार माझ्या समोर.

ठिकाण: काळाचौकी, मुंबई
तारीख: ६ फेब्रुवारी २०२६

सही: बकुळा भिवा गमरे

साक्षीदार:
१. रघुवीर कारखानीस, वय एकाहत्तर, धंदा निवृत्त, राहणार दादर
२. डॉ. ऋता सबनीस, वय बावन्न, धंदा डॉक्टरकी, राहणार परळ. बाईंना मी आज तपासले असून त्या पूर्ण शुद्धीत आहेत. माझ्यापेक्षा जास्तच.

लेखनिकाची ओळ खाली आहे. ती मी सांगितलेली नाही. त्याची त्याने टाइप केली.

लेखनिक: धम्मपाल भिवा गमरे, वय सत्तेचाळीस, धंदा शिवणकाम