रक्तातला झाडांचा अंश

प्रिय ठमे,

बरी आहेस ना? इकडे तेच चाललंय. सकाळी लॅब, नळ्यांवर लेबलं चिकटवणं, मशीन लावणं, संध्याकाळी घर. दादाच्या खोलीला तुझे बाबा कुणाला हात लावू देत नाहीत. त्याचे खेळाचे बूट अजून चिखलासकट तिथेच पडलेत.

तो सोळाचा असताना त्याच्या कोपरांवर पिवळट गाठी आल्या, आठवतं? रक्त मीच तपासलं. कोलेस्टेरॉल चारशेच्या वर! मी हबकलेच. लोणी, अंडी घरातून हद्दपार केली आणि हात धुऊन त्याच्या मागे लागले. बदाम, सूर्यफुलाच्या बिया, कोलेस्टेरॉल उतरवतं म्हणून मिळणारं ते खास तेल. "आई, मी काय पोपट आहे का?" म्हणायचा आणि खायचा. आकडा काही उतरेना. मला वाटायचं, हा बाहेर चोरून काहीबाही खातो. एकदा पाहुण्यांदेखत त्याला खोटारडा म्हणाले. त्यानंतर त्यानं थट्टा करणं सोडलं. पुढ्यात येईल ते मुकाट खायचा. दहा वर्षं.

तो मैदानावर कोसळला आणि गेला, त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात तू म्हणालीस, "तू त्याला सुखानं दोन घास खाऊ दिले नाहीस." फार लागलं होतं मला ते.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याचं राखून ठेवलेलं रक्त बाहेरच्या लॅबला पाठवलं होतं. गेल्या महिन्यात उत्तर आलं. ते नुसतं कोलेस्टेरॉल नव्हतंच. बियांत, तेलात, सुक्यामेव्यात त्याच्यासारखंच एक झाडांचं द्रव्य असतं, सिटोस्टेरॉल. बाकीच्यांच्या आतड्यातून ते जवळजवळ सगळं आल्या पावली परत जातं. दादाच्या शरीराला ते बाहेर टाकताच येत नव्हतं. साठत गेलं, आधी कोपरांत, मग हृदयाच्या नळ्यांत. आमचं मशीन दोन्हींना एकच समजतं. मीही तेच समजले. म्हणजे मी रोज, माझ्या हातानं त्याला... लिहवत नाही गं.

माफी मागायला लिहीत नाहीये. हा दोष आईबाप दोघांकडून मिळून येतो, आणि आम्हा दोघांतही त्याचा अर्धा अर्धा वाटा लपलेला निघालाय. तुझ्यातही उतरला असण्याची शक्यता चारांत एक. वरून काही दिसत नसलं तरी तपासून घे. वेळेत कळलं तर गोळी आहे, पथ्य आहे. मागची दोन पत्रं तू न फोडता परत पाठवलीस, म्हणून या पाकिटावरचा पत्ता शिपायाकडून लिहून घेतला. हे पत्र तू वाचशील अशी आशा मला नाही. म्हणूनच तुझ्या डॉक्टरांसाठीची चिठ्ठी, माझं अक्षर दिसू नये म्हणून छापून घेऊन, सगळ्यात वर ठेवलीय. तेवढी फाडू नकोस.

तुझीच,
आई